समोरच्या घरातलं आमेन

देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. आमच्या समोरच्या उबाळेकाकांचा यावर काडीचाही विश्वास नव्हता. ते त्याला रोज सकाळी सगळं सविस्तर सांगायचे. मुलं बाहेर पडायला निघाली की त्यांना उंबऱ्यावर थांबवायचं, डोक्यावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सुरू. "हे देवा बापा, तुझी उपकारस्तुती असो. ही कृपा. काल हिने फ्लॉवरची भाजी ताटात तशीच ठेवली. आवडत नाही म्हणते. फ्लॉवर तूच निर्माण केलास, तेव्हा ते तुझं तू बघ. पण आज हिची परीक्षा आहे. वाचलेलं सगळं हिला वेळेवर आठवू दे." काका बसच्या वर्कशॉपमधले निवृत्त मेकॅनिक. जन्मभर चालू इंजिनांशेजारी उभं राहून बोललेला माणूस, त्याला हळू आवाज म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. फ्लॉवरची बातमी देवाबरोबर आमच्या अख्ख्या जिन्याला कळायची.

आम्ही वारज्याला राहायला आलो त्याच सकाळी माझी त्यांची गाठ पडली. लिफ्ट नाही. दोन हमाल आमचा फ्रिज पट्ट्याने पाठीला बांधून दुसऱ्या मजल्यावर आणत होते, आणि वर जिन्याच्या तोंडाशीच एक बुटके गृहस्थ पांढऱ्या गणवेशातल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून उभे. मी म्हटलं, "अहो, जरा सरकता का?" उत्तर मला मिळालंच नाही, देवाला मिळालं. "देवा बापा, समोर नवीन माणसं आली आहेत. फ्रिज मोठा आणलाय. जिना अरुंद आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. बाईंना धीर कमी आहे, तो दे. हमालांच्या पाठी सांभाळ. प्रभू येशूच्या नावाने…" त्यांनी श्वास घेतला. "आणि हो, बापा, आणखी एक—"

"आमेन!"

आवाज आतून, स्वयंपाकघरातून आला. ओट्यावर चढलेल्या मांजराला हाकलावं तसा.

काकांनी डोळे उघडले आणि तक्रारीच्या सुरात विचारलं, "एवढ्यात?"

"देवाला बाकीची घरं बी हायेत," आतला आवाज म्हणाला.

मुलगी हसत जिना उतरली, काका बाजूला झाले, आमचा फ्रिज वर आला. "सलाम," ते मला म्हणाले. "मी शांतवन उबाळे. पाणी पाठवू का?" मी पाणी घेतलं, पण दिवसभर धुमसत राहिले. धीर कमी आहे म्हणे! उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिलेला माणूस, आणि माझी तक्रार थेट वर! काका जाऊन आता वर्ष होत आलं. समोर दुसरं बिऱ्हाड आहे, नवराबायको दोघंही आयटीतले, दार सदा बंद. जिन्यात आता कोणाची कसली बातमी कळत नाही. शांतता मला आवडते असं मी सगळ्यांना सांगत आले, तर घ्या आता शांतता.

आतल्या आवाजाच्या मालकीण म्हणजे मार्थाकाकू. नगरकडच्या खेड्यातल्या. पुण्यात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती, पण बोलण्यातला गावाकडचा हेल त्यांनी एका माणसाला बदलू दिला नाही. ब्लाउज शिवायच्या. इमारतीतल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ, आणि कोणाचं माप वाढलंय हे त्या दुसऱ्या कोणाला सांगायच्या नाहीत. नवऱ्याच्या अगदी उलट. मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही कधी मुलांसाठी प्रार्थना करत नाही का? मला तर तुमचं एकच 'आमेन' ऐकू येतं." त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "प्रार्थना दोघांची असतीय, नीलाबाई. हे टाके घालत्यात, मी गाठ मारते. गाठ नसली तर टाका कितीबी बारीक घाला, उसवतोय."

गाठ मारणं सोपं नव्हतं. काकांची प्रार्थना "प्रभू येशूच्या नावाने" इथवर आली की खरं तर संपायला हवी. पण नेमकं तिथेच त्यांना काहीतरी आठवायचं. "आणि हो, बापा" म्हणून ते पुन्हा सुरू करायचे, आणि एकदा "आणि हो" झालं की मुलांची बस गेलीच म्हणून समजा. त्या दोन्हींच्या मधे सुईच्या नेढ्याएवढी फट असायची. काकू त्या फटीत आमेन ओवायच्या. गॅसवर दूध, हातात पकड, कान उंबऱ्यावर. एवढ्या वर्षांत त्यांचं आमेन चुकलं नाही आणि दूधही कधी उतू गेलं नाही.

काकांनी मुलांना रागावलेलं मी कधीच ऐकलं नाही. सगळं रागावणं प्रार्थनेत. मुलाने, अनुग्रहने, गाडी कुठेतरी धडकवून आणली तर, "देवा बापा, ह्याचं इंजिन तू चांगलं घडवलंस. ब्रेक मात्र राहून गेलेत." कृपाने आईला उलट उत्तर दिलं तर, "ही जीभ तू हिला गाण्यासाठी दिली होतीस ना? मग हिला आठवण करून दे." मी म्हटलं, "काका, जे काय आहे ते मुलांना समोरासमोर सांगा की." तर म्हणाले, "समोर बोललं की मूल उलट बोलतं. हाताखाली असलं की ऐकून घेतं. आणि मलाही हात ठेवला की फार राग राहत नाही हो."

त्या हाताखाली एकदा मीही गेले. आमच्या ह्यांची हृदयाची शस्त्रक्रिया होती. सकाळी थर्मास घेऊन दवाखान्यात निघाले, तर काका उंबऱ्यावर उभेच. "हात ठेवू का?"

"काका, मी यातलं काही मानत नाही. आमच्या घरातल्या देवांनासुद्धा मी फक्त पुसते."

"मानू नका. डोकं तेवढं खाली करा, माझा हात पोचत नाही."

काय करणार! वाकले. "देवा बापा, ही नीला. तोंडाची फटकळ आहे. तू सहन कर, आम्ही करतोच आहोत. पण काल हिच्या स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही. ही जेवलेली नाही. घाबरली आहे, आणि फटकळ माणसाला घाबरलो असं म्हणायची चोरी असते. हिच्या मालकाचं हृदय तुझ्या हातात आहे. यंत्र तूच बनवलंस, तुला त्यातलं कळतं. प्रभू येशूच्या नावाने…" आणि मी त्या आमेनची वाट पाहत राहिले. ते आलंच नाही. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांनी ती फट मुद्दाम जाऊ दिली. "आणि हो, बापा," काका म्हणाले, "हिला दुपारी कोणीतरी जेवायला घाल." मग काकू हलकेच म्हणाल्या, "आमेन. डबा मी घेऊन येते." जिना उतरताना मी रडले. उगाच आडपडदा कशाला, घळाघळा रडले. आमचे हे खडखडीत बरे होऊन घरी आले. ते डॉक्टरांमुळे की काकांमुळे, या वादात काका पडले नाहीत, मग मी कशाला पडू?

पण या मोकळ्या तोंडाने एकदा घात केला. अनुग्रह तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. एका मुलीवर त्याचा जीव होता. तिने नाही म्हटलं. पोरगा मोडून गेला आणि रात्री जेवताना आईबापांजवळ मन मोकळं केलं. सकाळी तो उंबऱ्यावर वाकला आणि काकांनी नेहमीच्या आवाजात सुरू केलं, "देवा बापा, ह्याचं मन मोडलंय. ती कोथरूडची मुलगी ह्याला नाही म्हणाली…" काकूंनी फटीबिटीची वाट न पाहता मधेच "आमेन! आमेन!" म्हणून आरडाओरडा केला, पण व्हायचं ते होऊन गेलं. जिन्यात वरच्या मजल्यावरची माणसं उभी होती. संध्याकाळपर्यंत पोराला सगळी इमारत धीर देऊन गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर भाचीचा फोटोही आणला.

त्या दिवशी मी अनुग्रहचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "पप्पा, देव बहिरा नाहीये! आणि ही बिल्डिंग तर अजिबातच नाहीये!"

दुसऱ्या दिवशी तो घरातूनच हेल्मेट घालून बाहेर आला. पट्टासुद्धा लावलेला. पुण्यात हेल्मेटसक्तीचं नाव काढलं की माणसं भांडायला उठतात, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या मजल्यापासून हेल्मेट घालून निघालेला. सगळे हसले. मला कळलं, काकूंनाही कळलं. डोकं झाकलं होतं त्याने. काकांनी हात उचलला आणि हेल्मेटवर ठेवला. "देवा बापा, ह्याला सांभाळ. प्रभू येशूच्या नावाने." बस्स, एवढंच. "आणि हो" नाही. आतून आमेन आलं, तेही पडेल आवाजात.

वर्षानुवर्षं हे असंच चाललं. कृपासाठी, पुढे नर्स होऊन कात्रजला सासरी गेली तरी दर रविवारी, दूधभाजीपासून सगळ्याचा पाढा. अनुग्रहसाठी फक्त "ह्याला सांभाळ", तेही हेल्मेटवरून. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, प्लास्टिकमधून पोचतो का हो आशीर्वाद?" ते हसले नाहीत. म्हणाले, "आपण हात वरून ठेवायचा. आत पोचवणं त्याचं काम." पण देवाला इतकं सांगणारा माणूस पोटच्या पोराबद्दल दोन शब्दांवर आला होता, ते त्यांना आतून खात होतं. बापलेक जेवायचे एकत्र, मॅच बघायचे एकत्र. त्या सकाळबद्दल मात्र दोघांनीही कधी चकार शब्द काढला नाही.

मग काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता आठवड्यात खेळ संपला. माती देऊन आल्यावर पाहुणे पांगले आणि कृपा सासरी जायला निघाली. उंबऱ्यावर वाकली. काकांनी हात ठेवला, "हे देवा बापा" म्हणाले, आईविना झालेल्या लेकीसाठी जे मागायचं ते मागितलं आणि "प्रभू येशूच्या नावाने" इथे येऊन थांबले. मी माझ्या दारात उभी होते. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी मान किंचित स्वयंपाकघराकडे वळवली. आत काही वाजलं नाही. "आणि हो, बापा," ते म्हणाले, आणि पुन्हा सुरू. पुन्हा तिथे आले, पुन्हा थांबले, पुन्हा मान वळली. कृपा हाताखालून म्हणाली, "आमेन, पप्पा." त्यांच्या कानात ते शिरलंच नाही. सवय आतून येणाऱ्या आवाजाची. ते आपले मागतच राहिले, मागतच राहिले, शेवटी आवाज फाटला तेव्हा हात काढून घेतला आणि आत निघून गेले. प्रार्थना तशीच राहिली. कृपा माझ्या गळ्यात पडून रडली.

त्यानंतर काकांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवणं सोडलं. मला म्हणाले, "गाठ मारणारी गेली, नीलाबाई. नुसते टाके घालून काय करू? मनातल्या मनात बोलतो आता." अनुग्रह सकाळी हेल्मेट घालून उंबऱ्याशी यायचा, एवढ्या वर्षांच्या सवयीने जरासा थांबायचा. हात उठायचा नाही. मग तो खाली जायचा. मी दाराआडून बघायची आणि मला दोघांचाही भयंकर राग यायचा.

त्यातच अनुग्रहला कंपनीने जर्मनीला पाठवायचं ठरवलं. निदान तीन वर्षं. काकांची तब्येत तोवर पार उतरली होती, चार पायऱ्या चढले की धाप लागायची. ही भेट शेवटची असू शकते, हे कळत सगळ्यांना होतं. कृपा मला म्हणाली, "मावशी, दादा बोलणार नाही, पण त्याला ते हवंय. पप्पा हात ठेवतील ना हो?" मी काकांना विचारलं. "त्यानं डोकं झाकलंय. मी कसा हात टाकू?" अनुग्रहला विचारलं. "ते हात उचलतच नाहीत, मी कसं सांगू?" घ्या! बाप तसा बेटा. मी कपाळावर हात मारून घेतला.

निघायच्या दिवशी दुपारी मुंबईला नेणारी गाडी खाली येऊन उभी राहिली. कृपा एक बॅग घेऊन खाली गेली. मी चिवड्याचा डबा द्यायला गेले होते, तर काका म्हणाले, "नीलाबाई, त्याला घोटभर चहा करता का? उपाशी निघालाय." म्हणून मी काकूंच्या ओट्यापाशी उभी राहून गॅसवर दूध ठेवलं. तिथून उंबरा सरळ दिसतो. काकू कुठून सगळं बघायच्या ते मला तेव्हा कळलं.

अनुग्रह पाठीला सॅक अडकवून उंबऱ्याशी आला आणि थांबला. आज गाडी चारचाकी, हेल्मेट कपाटावर. केस कापलेलं, मधे जरासं विरळ होऊ लागलेलं डोकं. त्याने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. इतकी खाली, की बुटक्या माणसाचा हात सहज पोचावा.

काकांचा हात उठला. "हे देवा बापा, तुझी उपकारस्तुती असो. हा अनुग्रह. ह्याच्याबद्दल मी तुझ्याशी बरीच वर्षं नीट बोललो नाही. का, ते तुला ठाऊक असेल. नसेल तर सांगतो. ह्याने घरात विश्वासाने सांगितलेलं दुःख मी जिन्यात मांडलं. मला वाटलं, मी तुझ्याशी बोलतोय. पोर माझ्या हाताखाली लाजेने मरत होतं आणि माझे डोळे मिटलेले होते. चूक माझी होती, बापा. ह्याने डोकं झाकलं ते बरोबर केलं. मला ह्याची माफी मागायचीय आणि तोंडावर मागता येत नाही, तू ओळखतोसच मला. तेवढी मागून दे."

अनुग्रहचे खांदे हलायला लागले. काका बोलत होते, आणि या खेपेला हळू बोलत होते. मी कान टवकारले होते म्हणून मला ऐकू आलं. "तिकडे बर्फ पडतो म्हणे. ह्याचे पाय लहानपणापासून गार पडतात. तिकडे गाड्या उजवीकडून चालवतात, ह्याला सवय होईपर्यंत तिथल्या माणसांना सांभाळ. ह्याच्या आईने ह्याच्यासाठी काय मागितलं असतं ते मला माहीत नाही. ती मोठ्याने मागायचीच नाही. पण तू ऐकलेलं असशील, तेही ह्याला दे. प्रभू येशूच्या नावाने…"

आणि ते थांबले. मिटल्या डोळ्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळली. तिथे मी होते, हातात पकड घेऊन.

मी समोरच्या घरातली. सत्यनारायणाच्या आरतीला नुसत्या टाळ्या वाजवणारी, तोंड न उघडणारी बाई. हे माझं काम नव्हे, मी मनात म्हटलं. खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला. "आणि हो, बापा," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्या दिवशीसारखा फाटायला लागला. काहीतरी पांघरुणाचं मागितलं. मग पुन्हा, "प्रभू येशूच्या नावाने…" आणि पुन्हा ती मान वळली. त्या पोराने पुढची तीन वर्षं ही उसवलेली प्रार्थना डोक्यावर घेऊन जायची? माझ्याच्याने बघवेना.

"आमेन!" मी म्हटलं. हळू नाही, चांगलं ठणकावून, मांजराला हाकलावं तसं.

काकांची वळलेली मान सरळ झाली. डोळे मिटलेलेच. ओठांच्या कोपऱ्यात कितीतरी महिन्यांनी ती जुनी तक्रार आली.

"एवढ्यात?"

मला पुढचं म्हणता येईना. म्हणाला तो अनुग्रह. हाताखालून, मान वर न करता, अगदी आईच्या हेलात.

"देवाला बाकीची घरं बी हायेत, पप्पा."

काकांनी दुसराही हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याला तसंच जवळ ओढून घेतलं. खाली हॉर्न वाजत होता, कोणीच हललं नाही. माझ्या मागे दूध उतू जाऊन गॅस विझला होता.